वाणीचे तप आणि भावाची शुद्धी

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत : शरीराचे, वाणीचे व मनाचे. उपवास, व्रते आणि तीर्थाटन यांनाच तप समजणाऱ्या मनुष्याला त्या अध्यायातील पंधरावा श्लोक वाचून थोडे आश्चर्य वाटेल. घरात, बाजारात, कचेरीत दिवसभर जे बोलणे चालते, तेच योग्य रीतीने झाले तर तेथे त्याला तपाची पदवी मिळाली आहे. ऐकणाराच्या मनाला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे व त्याच्या जोडीला स्वाध्यायाचा अभ्यास, हे वाणीचे तप होय.

येथे साधक सहसा एक चूक करतो. ही लक्षणे म्हणजे जणू चार निरनिराळी फुले आहेत आणि आपल्याला आवडेल ते खुडावे, असे तो समजतो. श्रीशंकराचार्यांनी भाष्यात ही वाट बंद केली आहे. बोलणे सत्य असूनही इतर लक्षणांपैकी एक, दोन किंवा तिन्ही त्यात नसतील, तर ते वाणीचे तप नव्हे. आणि बोलणे प्रिय असून त्यात बाकीची लक्षणे नसतील, तर तेही नव्हे, असे ते स्पष्ट सांगतात. आचार्यांनी दिलेले उदाहरणही अगदी साधे आहे. वडीलधारा पुरुष मुलाला ‘वत्स’ म्हणून हाक मारतो, शांत व्हायला सांगतो, अध्ययन व योग आचरण्यास सांगतो आणि त्यात त्याचेच कल्याण आहे हे पटवितो. उपदेशात ती हाक आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

व्यवहारात मात्र या लक्षणांची वाटणी झालेली दिसते. एक मनुष्य स्वतःस रोखठोक म्हणवितो. चार लोकांत तो दुसऱ्याचे उणे काढतो आणि वर ‘खरे ते बोललो’ असे समाधान मानतो. दुसरा मनुष्य गोड बोलतो, कोणालाही नकार देत नाही, आणि दिलेला शब्द मात्र पाळीत नाही. पहिल्याला लोक कठोर म्हणतात व दुसऱ्याला सज्जन. पण बारकाईने पाहिले तर दोघेही स्वतःलाच सांभाळीत असतात. पहिला आपला मोठेपणा सांभाळतो, दुसरा आपली लोकप्रियता. भगवंतांनी याच प्रकरणात पुढे तपाचेही तीन भेद केले आहेत. सत्कार, मान व पूजा यांसाठी दंभाने केलेले तप राजस, आणि दुसऱ्याचा नाश करण्यासाठी केलेले तामस. खरे बोलणेही या दोन्ही वाटांनी जाऊ शकते, हे रोखठोक मनुष्याला सहसा कोणी सांगत नाही.

यावर उपाय केवळ जिभेवर होत नाही. म्हणूनच सोळाव्या श्लोकात मनाच्या तपात भावसंशुद्धी गणली आहे. आचार्य तिचा अर्थ, इतरांशी व्यवहार करताना कपट नसणे, असा करतात. आत एक व बाहेर दुसरे असे न राहणे, एवढाच त्याचा आशय. परंतु हे ‘एवढेच’ किती अवघड असते, याचे एक उत्तम उदाहरण महात्मा गांधींच्या आत्मकथेत सापडते.

१८८८ साली गांधीजी कायद्याच्या शिक्षणासाठी विलायतेस गेले, तेव्हा ते विवाहित होते व एका पुत्राचे पिताही होते. तिकडे विद्यार्थी अविवाहित असत. त्यामुळे आपला विवाह झाल्याचे सांगण्याची काही हिंदी तरुणांना लाज वाटे व ते ती गोष्ट लपवीत. गांधीजींनाही तो संसर्ग लागला. ब्रायटन येथील एका हॉटेलात भोजनाची यादी फ्रेंच भाषेत होती, ती त्यांना समजेना. शेजारच्या एका वृद्ध विधवेने त्यांना साहाय्य केले. पुढे तिने आपला लंडनचा पत्ता दिला आणि दर रविवारी त्यांना जेवावयास बोलाविले. ती त्यांचा संकोच घालवी, तरुणींशी ओळख करून देई. तिच्याकडे राहणाऱ्या एका तरुणीशी तर त्यांना एकटेच बोलत बसवी. वृद्धेच्या मनात काय आहे, हे हळूहळू गांधीजींच्या ध्यानात आले.

येथे गप्प राहणे सोपे होते, प्रियही होते. पण त्या मौनाचा भार शेवटी त्या निरपराध तरुणीवर पडला असता. गांधीजींनी वृद्धेस पत्र लिहिले. लहानपणीच विवाह झाल्याचे व आपल्याला एक मुलगा असल्याचे त्यांनी कळविले, लपविल्याबद्दल क्षमा मागितली, आणि त्या तरुणीशी आपण मर्यादा सोडून वागलो नाही हेही सांगितले. आपण तिच्या आतिथ्यास अपात्र आहोत असे तिला वाटले, तर त्याचे वाईट वाटून घेणार नाही, असेही लिहिले. दोष स्वतःकडे आणि निर्णय तिच्याकडे, अशी त्या पत्राची घडण आहे. हे पत्र एका बैठकीत झाले नाही. ते अनेकदा लिहून पुन्हा लिहिले असावे, असे ते स्वतःच सांगतात. सत्य ठरलेलेच होते. मग इतका वेळ कशात गेला? ते त्या वृद्धेच्या हाती कसे पडेल, याच विचारात तो गेला असला पाहिजे.

उत्तर लगेच आले. ती व ती तरुणी दोघीही मनापासून हसल्या होत्या, आणि येत्या रविवारी त्यांची वाट पाहणार होत्या. गांधीजींच्या बालविवाहाची हकीकत त्यांना ऐकावयाची होती!

प्रत्येक वेळी उत्तर असे येईलच असे नाही. विवाह जुळविताना मुलाचा आजार किंवा घरावरील कर्ज सांगितले, तर जुळत आलेली सोयरीक मोडूही शकते. तरीही ते सांगितले पाहिजे. मात्र ते आधी सांगावे, मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगावे. याद्या झाल्यावर किंवा भर मांडवात नव्हे. वेळ आणि स्थळ पाहणे हा सत्याशी तडजोड करण्याचा प्रकार नाही. उद्वेग न देण्याचा तो निम्मा भाग आहे.

उसने पैसे मागावयास आलेल्या शेजाऱ्याचीही तीच गोष्ट. पैसे द्यावयाचे नसता ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणणारा त्याला महिनाभर खोट्या आशेवर ठेवतो, आणि तेवढ्यात दुसरीकडे झाली असती ती सोय राहून जाते. ‘मजजवळ सध्या देण्यासारखे नाहीत’ असे खरे असल्यास तेवढेच सांगावे. त्याच्या उधळेपणावर प्रवचन करू नये. त्याला बसवून चहा द्यावा, आणि पतपेढीतून कर्ज मिळण्यासारखे असेल तर अर्ज भरताना त्याच्याजवळ बसावे.