लालीला बाळसे समजू नये

पुण्यातील आमच्या उत्तराभिमुख सज्जाला ऊन शिवते ते वैशाख-ज्येष्ठात, आणि आषाढाचे आभाळ तेही हिरावून घेते. म्हणून मेक्सिको-टेक्सास सरहद्दीवरचा तो बिनकाट्याचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, चेंडू दाबून चपटा करावा तसा अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास निवडुंग बियांपासून वाढवण्याची हौस मनात शिरली तेव्हा, खोलीतल्या फडताळात चार एलईडी नळ्या बसवून सूर्याचा कारभार मी स्वतःच्या हाती घेतला.

बियांनी निराशा केली नाही. ओलसर वाळूमिश्रित मातीवर ६० बिया नुसत्या पसरल्या, वर काच ठेवली, आणि तिसऱ्याच दिवशी मोहरीहून किंचित मोठे हिरवे मणी दिसू लागले. दिवा मात्र दीड फुटावर होता. पंधरवड्यात त्या मण्यांच्या फिकट, लांबोळक्या, एका अंगाला कललेल्या काकड्या झाल्या, तेव्हा उतावळ्या अंमलदाराप्रमाणे मी एकाच रात्री दोन हुकूम काढले: दिवा ४ इंचांवर, आणि तोही अहोरात्र.

आठवड्याभरात रोपे तांबूस झाली. मी त्या लालीला बाळसे समजलो आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवली! वास्तविक बीटाला रंग देते त्याच कुळातले ते रंगद्रव्य. प्रखर प्रकाशापासून बचावासाठी रोप ते पदरासारखे अंगावर ओढून घेते. त्यातून निवडुंगाची जात श्वासरंध्रे उघडते ती रात्री, आणि रात्र तर मी खालसाच केली होती. ती लाली म्हणजे रोपांची फिर्याद आहे हे उमगेपर्यंत, वाढ खुंटलेली पाहून मी पाणी वाढवले. मग शेवाळ धरले, बुंधे मऊ पडले, आणि एकेक रोप आडवे झाले. उरली ११.

हा छंद ज्यांना जडेल त्यांनी दिवा आरंभी फूटभर उंच ठेवून दर आठवड्याला दोन बोटे खाली आणावा, आणि माथ्यावर तांबूस छटा उमटताच एक बोट वर न्यावा. अंतर दिव्यागणिक बदलते, तेव्हा फूटपट्टीपेक्षा रोपाची साक्ष ग्राह्य धरावी. १४ तास उजेड पुरतो. बाकी काळोख असू द्यावा, आणि स्वतःच्या स्मरणशक्तीवर विसंबण्याऐवजी बटणाला टायमर लावावा. काचही एकदम काढू नये, रोज थोडी सरकवावी.

त्या अकरांपैकी ९ आज, तीन वर्षांनी, करवंदाएवढी झाली आहेत. कमरेपासून खाली मात्र ती अजून बारीकच आहेत.