गृहिणीचे मिश्रणयंत्र : पारख आणि निवड

धान्याची पारख मूठभर दाणे तळहातावर घेऊन करता येते, कापडाची पारख पोत चाचपून करता येते आणि तुपाची पारख वासावरून होते. व्यापारी घरात वाढलेल्या मुलास ही विद्या वेगळी शिकवावी लागत नाही. परंतु विजेवर चालणारे यंत्र घेण्याचा प्रसंग आला, की चांगले अनुभवी दुकानदारही गोंधळून जातात. यंत्राचे अंतरंग झाकलेले असते. बाहेरून दिसतो तो केवळ रंग, चकाकी आणि खोक्यावर छापलेला मोठा आकडा. यास्तव पाव, केक, बिस्किटे व नानकटाई घरी करणाऱ्या कुटुंबांस उपयोगी पडणाऱ्या एका यंत्राचा, म्हणजे ज्यास बाजारात ‘स्टँड मिक्सर’ म्हणतात त्याचा, थोडा अभ्यास आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

विषय लहान वाटेल. पण तो तसा नाही. कोयली, वडोदरा व आसपासच्या भागात पुष्कळ घरांतील मुली व सुना आज मागणीप्रमाणे बिनअंड्याचे केक व बिस्किटे करून देतात. त्यांच्या दृष्टीने हे यंत्र हौसेची वस्तू नसून भांडवल आहे. ऐन दिवाळीत मोटार जळाली, तर बुडतो तो केवळ यंत्राचा पैसा नव्हे; दिलेला शब्द बुडतो, आणि शब्दाची किंमत व्यापाऱ्यास सांगणे नलगे.

यंत्राचा पूर्वेतिहास

सन १९०८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात हर्बर्ट जॉन्स्टन या अभियंत्याने एका बेकरीवाल्यास हाताने कणीक ढवळताना पाहिले आणि हे कष्टाचे काम यंत्राने व्हावे, असे त्याच्या मनाने घेतले. हॉबर्ट कंपनीने १९१४ साली बेकऱ्यांसाठी मोठे यंत्र तयार केले आणि १९१९ साली त्याचीच घरगुती आवृत्ती ‘किचनएड’ या नावाने निघाली. ते पहिले घरगुती यंत्र वजनाने सुमारे २९ किलो होते. इंग्लंडात केनेथ वुड याने १९५० साली ‘केनवुड शेफ’ हे यंत्र लोकांपुढे आणले. आजची बहुतेक यंत्रे या दोन घराण्यांच्या वळणावरच बेतलेली आहेत.

आपल्या देशाची वाट निराळी. येथे प्रथम गरज होती ती वाटणाची व दळणाची. मुंबईचे अभियंते सत्यप्रकाश माथूर यांच्या घरातील परदेशी मिक्सर आपल्याकडील वाटणाच्या भाराने जळाला. त्यातून १९६० च्या दशकात ‘सुमीत’ मिक्सरचा जन्म झाला. परदेशी माणसाच्या पाकगृहासाठी केलेले यंत्र आपल्या पाकगृहाचा भार सोसेलच असे नाही, हा त्या हकिगतीतील बोध आजही ताजा आहे. मात्र येथे एक भेद ध्यानी घ्यावा. वाटणाचा मिक्सर पात्यांनी चिरडतो व फार वेगाने फिरतो. मिश्रणयंत्र सावकाश फिरून मळते, फेटते व हवा भरते. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ पाहणे म्हणजे तागडीने कापड मोजणे होय.

रचना व कार्य

चांगल्या मिश्रणयंत्राची खूण म्हणजे त्याची ग्रहगती. पृथ्वी जशी स्वतःभोवती फिरत फिरत सूर्याभोवतीही फिरते, तसे यंत्राचे फेटणे स्वतःभोवती एका दिशेने आणि भांड्याच्या आत उलट दिशेने फिरते. त्यामुळे भांडे स्थिर राहूनही त्यातील कोपरा-कडा सुटत नाही. ज्या स्वस्त यंत्रांत फेटणी एकाच जागी फिरतात, त्यांत कडेचे पीठ कोरडे राहते व पुनःपुन्हा उलथन्याने खरवडावे लागते.

यंत्राबरोबर बहुधा तीन साधने येतात. सपाट फेटणे लोणी-साखर व केकचे पीठ यांसाठी, तारांचे फेटणे साय व हलक्या मिश्रणासाठी, आणि आकडा कणकेसाठी. दुकानात पाहताना ही साधने हातात घेऊन त्यांचे वजन पाहावे. रंगाचा मुलामा दिलेल्या साधनाचा मुलामा पुढे उडून पदार्थात येऊ शकतो. म्हणून साधने व भांडे पोलादी असल्यास उत्तम.

फेटण्याचे टोक भांड्याच्या तळाशी अगदी जवळ, पण न घासता फिरले पाहिजे. याची एक सोपी कसोटी आहे. रिकाम्या भांड्यात एक स्वच्छ पातळ नाणे टाकावे, सपाट फेटणे लावावे आणि यंत्र सर्वांत मंद गतीवर सोडावे. दर फेऱ्यास नाणे थोडेसे सरकले, तर अंतर योग्य आहे. नाणे जागचे हललेच नाही तर फेटणे फार वर आहे. नाणे सतत फरफटत गेले तर फार खाली आहे. पुष्कळ यंत्रांत एका खिळ्याने हे अंतर कमीअधिक करता येते. नाण्याने यंत्र पारखण्याची ही रीत आमच्या सभासदांस विशेष आवडेल!

वॅटचा भ्रम

खोक्यावर ‘१००० वॅट’, ‘१४०० वॅट’ असे आकडे झळकतात आणि गिऱ्हाईक मोठ्या आकड्याकडे ओढले जाते. परंतु वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते त्याचे माप. ते किती काम करते त्याचे नव्हे. खाल्लेल्या विजेपैकी काही भाग उष्णतेत व आवाजात जातो. दंतचक्रांची जुळणी चांगली असेल तर कमी वॅटचे यंत्रही घट्ट कणीक निमूटपणे मळते, आणि जुळणी हलकी असेल तर मोठ्या वॅटचे यंत्र ओरडत राहते. दुकानाचा भाडेखर्च मोठा म्हणून नफा मोठा, असे कोणी म्हणेल काय?

म्हणून वॅटऐवजी पुढील गोष्टी विचाराव्यात. आतील दंतचक्रे धातूची आहेत की प्लॅस्टिकची? धातूची असल्यास टिकाऊपणा अधिक. तथापि काही चांगल्या यंत्रांत एक चक्र मुद्दाम मऊ ठेवलेले असते. कणीक अडकली की ते चक्र झिजते वा तुटते आणि मोटार वाचते. तेव्हा ‘एक चक्र मऊ आहे’ एवढ्यावरून यंत्र टाकाऊ ठरत नाही. ते चक्र सुटे मिळते काय, हा खरा प्रश्न होय. मोटारीत कार्बनचे ब्रश असल्यास ते कालांतराने झिजतात. ते बाहेरून बदलता येतात काय, हेही विचारावे. यंत्राच्या पाठीवरील वा तळावरील पट्टी वाचावी. तिच्यावर व्होल्ट व वॅट दिलेले असतात, आणि पुष्कळदा सलग किती मिनिटे चालवावे तेही. ती मर्यादा पाच मिनिटांची असेल, तर आठ-दहा मिनिटे मळावी लागणारी पावाची कणीक ते यंत्र एका दमात मळू शकणार नाही, हे उघडच आहे.

यंत्राचे वजनही पाहावे. हलके यंत्र घट्ट कणकेसरशी ओट्यावर चालू लागते आणि एखादे दिवशी खाली पडते.

आपल्या पाकगृहाची कसोटी

परदेशी माहितीपत्रकांत क्षमता सांगितलेली असते ती बहुधा मैद्याच्या, पाणी अधिक असलेल्या कणकेस धरून. आपली पोळीची कणीक तीहून घट्ट. त्यातून आपला गहूही दमदार. भाल प्रदेशातील ज्या भालिया गव्हास २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो प्रथिनयुक्त कठीण गहू आहे. आणि महाराष्ट्रातील गृहिणी ज्यास ‘लोकवन’ म्हणून ओळखतात, त्या गव्हाचे मूळही सौराष्ट्रातील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत आहे. अशा गव्हाच्या कणकेस यंत्राचा खरा कस लागतो. एक किलो पिठात सहाशे ग्रॅम पाणी घातले, तर कणीक एक किलो सहाशे ग्रॅमची होते, हा हिशेब ध्यानी ठेवून भांडे निवडावे. खोक्यावर लिहिलेले लिटर हे भांडे काठोकाठ भरल्याचे माप असते. मिश्रण फुगण्यास व उसळण्यास जागा लागते, म्हणून निम्म्याहून थोडे अधिक एवढेच उपयोगी धरावे. चार माणसांच्या घरास साडेचार ते पाच लिटरचे भांडे पुष्कळ झाले. विक्रीसाठी करणाऱ्यांनी त्याहून मोठे पाहावे.

दुसरी गोष्ट अंड्यांची. परदेशी पाकशास्त्रात केक हलका होतो तो पुष्कळ अंशी अंडी फेटून. आपल्या घरांत अंडे वर्ज्य. तेथे हलकेपणा येतो तो लोणी वा तूप साखरेबरोबर फेटल्याने, आणि दही वा व्हिनेगर यांच्याशी खाण्याच्या सोड्याचा संयोग होऊन निघणाऱ्या वायूने. हा वायू लवकर निसटतो. म्हणून पीठ व सोडा पडल्यावर अधिक फेटू नये. अधिक फेटल्यास पिठातील चिकटपणा वाढून केक चिवटही होतो. यावरून निष्कर्ष असा, की बिनअंड्याचे पदार्थ करणाऱ्या गृहिणीस यंत्राची कमाल गती फारशी कामाची नाही. किमान गती किती मंद आहे आणि यंत्र हळू सुरू होते की एकदम उसळी घेते, हे अधिक महत्त्वाचे. दहा-बारा गतींचे आकडे दाखवणाऱ्या विक्रेत्यास आपण पहिली गती दाखवावयास सांगावे. नानकटाईचे तूप-साखर, श्रीखंडाचा चक्का-साखर, ही कामे सपाट फेटण्याने मंद व मध्यम गतीवरच उत्तम होतात. तारांच्या फेटण्याचा मोठा उपयोग साय फेटण्यास. शिवाय फ्रान्समधील जोएल रोसेल यांच्या प्रयोगांनंतर, म्हणजे २०१४ पासून, शिजवलेल्या छोल्यांचे पाणी फेटून अंड्याविना फेस करण्याची युक्तीही प्रसिद्ध झाली आहे.

वडोदऱ्याचा उन्हाळा हाही विचारात घ्यावा. पारा चाळीस अंशांपलीकडे गेला, की लोणी आपोआप वितळते आणि घर्षणाने मिश्रण आणखी तापते. अशा दिवसांत भांडे व लोणी आधी थंड करावे, सकाळच्या वेळी काम करावे आणि यंत्रास मध्ये विश्रांती द्यावी.

परदेशातून आलेले यंत्र

आपल्यापैकी पुष्कळांचे आप्त अमेरिकेत आहेत आणि प्रेमाने तेथील यंत्र घेऊन येतात. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. तेथील यंत्र येथे थेट जोडल्यास ते जळण्याचा धोका असतो. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, तोही यंत्राच्या वॅटहून चांगल्या फरकाने अधिक ताकदीचा. शिवाय येथील दुकानदार त्या यंत्राची हमी बहुधा मानत नाही. भेट म्हणून आणावयाचेच असेल, तर २३० व्होल्टचे आणावे, असे आधीच कळवणे शहाणपणाचे.

विजेचा हिशेबही सोपा आहे. वॅटला २३० ने भागावे. १००० वॅटचे यंत्र सुमारे साडेचार अँपियर घेते. १४०० वॅटचे सहा अँपियरच्या थोडे पुढे जाते, म्हणून त्यास मोठा सोळा अँपियरचा सॉकेट द्यावा. तिसरी खीळ कापून दोन खिळ्यांच्या सॉकेटात यंत्र लावण्याची वाईट सवय आढळते. धातूच्या यंत्रास ओल्या हाताने स्पर्श होत असतो, तेव्हा ती जिवावर बेतू शकते.

किंमत, हमी आणि विक्रेत्याचा धर्म

समजा, एक यंत्र आठ हजारांस मिळाले आणि दोन वर्षांत निकामी झाले. दुसरे चोवीस हजारांस मिळाले आणि आठ वर्षे चालले. पहिल्याचा वर्षाचा खर्च चार हजार, दुसऱ्याचा तीन हजार. खतावणीत पाहिले तर महाग तेच स्वस्त पडले. तथापि महिन्यातून एकदा केक करणाऱ्या घराने चोवीस हजार गुंतवणे हाही शहाणपणा नव्हे. त्यास हाताने धरण्याचे साधे विजेचे फेटणे पुरेसे आहे. वापर किती, हे आधी लिहून काढावे आणि मग बाजारात जावे.

हमीपत्र वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात : हमी संपूर्ण यंत्राची आहे की फक्त मोटारीची, घरगुती हमी विक्रीसाठी केलेल्या वापरास लागू आहे काय, आणि दुरुस्तीचे केंद्र वडोदऱ्यात आहे की दूर. दुसरा मुद्दा गृहउद्योग करणाऱ्या भगिनींनी मुळीच विसरू नये. त्यांना अन्नसुरक्षा कायदा, २००६ अन्वये नोंदणी वा परवाना घ्यावा लागतो, हेही येथे सांगणे उचित होईल.

आणि आता आमच्यातील विक्रेत्या बंधूंसाठी दोन शब्द. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. अहमदाबादेत १९७८ पासून ग्राहक शिक्षण व संशोधनाची संस्था काम करीत आहे. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली आला आणि २०१९ च्या नव्या कायद्याने सदोष मालाची जबाबदारी उत्पादकाबरोबर विक्रेत्यावरही येऊ शकते. परंतु कायद्याआधी आपली सचोटी आहे. गिऱ्हाइकास यंत्र दुकानात चालवून दाखवावे, शक्य तर खरी कणीक घालून. पक्की पावती द्यावी. आणि जे यंत्र त्याच्या कामाचे नाही, ते नाही असे सांगावे. आज गेलेली एक विक्री उद्या दहा गिऱ्हाइके घेऊन येते.

देखभाल

कोयलीच्या रहिवाशांस यंत्रांची महती निराळी सांगावयास नको. येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात १९६५ साली उत्पादन सुरू झाले आणि १८ ऑक्टोबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी तो राष्ट्रास अर्पण केला. एवढा प्रचंड कारखाना चालतो तो नियमित तपासणीवर. काही बिघडण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी यंत्रे थांबवून ती उघडून पाहिली जातात. घरातील यंत्रासही तोच न्याय लावावा. प्रत्येक वापरानंतर फेटण्याचा दांडा पुसावा, वायुवीजनाच्या छिद्रांत पीठ साचू देऊ नये, कणीक मंद गतीवरच मळावी आणि जळका वास किंवा नेहमीहून वेगळा आवाज येताच यंत्र बंद करावे. भांड्यात तेलाचा थेंब उतरू लागला, तर आतील वंगण सुटले असे समजून ते यंत्र कारागिराकडे न्यावे.

सारांश : ग्रहगती, मंद पहिली गती, बदलता येणारे भाग, जवळचे दुरुस्ती केंद्र आणि आपल्या कणकेचा भार सोसणारी जुळणी, ही पाच अंगे पाहून घेतलेले यंत्र सहसा दगा देत नाही. यादी लिहून खिशात ठेवावी, दोन दुकाने अधिक फिरावी आणि घरात जी प्रत्यक्ष मळणार आहे, तिला बरोबर न्यावे. पैसे देणाऱ्याने यंत्राची किंमत पाहावी. पण वापरणारीच्या हातास जे बसते, तेच यंत्र घ्यावे.