सुरांची अक्षरे

सा, रे, ग, म, प, ध, नि ही अक्षरे आता तुम्हांला वाचता येतात. पाटीवर ती तुम्ही गिरवली आहेत. याच सात अक्षरांत गाण्याची चाल लिहून ठेवता येते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

आपल्या यावल तालुक्यात गावोगावी भजनी मंडळी आहेत. बुवांना कितीतरी अभंग तोंडपाठ असतात. अभंगाचे शब्द पोथीत सापडतात, पण चाल असते ती बुवांच्या गळ्यात. बुवा आजारी पडले, की मंडळी चालीला अडते. तापी ओलांडून जळगावच्या बाजूला गेले की आसोदे लागते. ते बहिणाबाई चौधरींचे माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या काम करता करता गात. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरची मंडळी यांनी ती गाणी लिहून घेतली, म्हणून 1952 साली त्यांचे पुस्तक निघाले. शब्द टिकले. पण जात्यावर बसून त्या कोणत्या सुरात म्हणत, ते पुस्तक कसे सांगणार?

सुराला अक्षर देण्याचा मोठा खटाटोप दोन मराठी माणसांनी केला. दोघांचेही नाव विष्णू, आणि शरीराने दोघांनाही दगा दिला.

पहिले विष्णु दिगंबर पलुसकर. जन्म 1872, गाव कुरुंदवाड. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी कायमची अधू झाली. शाळा सुटली. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. शिकणारे पुष्कळ, तेव्हा धडे छापलेले हवेत. म्हणून त्यांनी सुरांच्या खुणा ठरवल्या आणि स्वतःचा छापखाना घातला. पाहा बरे, ज्याला नीट दिसत नाही, त्याने बारीक टिंबे आणि रेघा छापण्याचा उद्योग मांडला! त्या काळी अक्षर म्हणजे शिशाचा खिळा. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवी. अक्षराच्या वर आणि खाली खूण बसवायची म्हणजे त्याचे काम किती वाढले असेल!

दुसरे विष्णु नारायण भातखंडे. जन्म 1860, मुंबईत वाळकेश्वरास. पेशाने वकील. पुढे वकिली सोडून ते गाण्याच्याच मागे लागले. देशभर हिंडले, गवयांकडून चिजा मिळवल्या. हे काम सोपे नव्हते. घराण्यातली चीज बाहेरच्याला द्यायला गवई सहसा राजी नसत. मिळालेल्या चिजा त्यांनी क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत सुरांसह घातल्या.

त्यांच्या खुणा अगदी थोड्या आहेत. शुद्ध सुराला खूणच नाही, नुसते अक्षर. कोमल, म्हणजे थोडा उतरलेला सूर असेल, तर अक्षराखाली आडवी रेघ: ग॒. तीव्र म, म्हणजे चढवलेला म, त्याच्या डोक्यावर उभी रेघ: म॑. खालच्या सप्तकातला सूर असेल तर टिंब खाली: नि़. वरच्या सप्तकातला असेल तर टिंब वर: सां. हे टिंब अनुस्वारासारखे दिसते, पण त्याला 'सांज'मधला 'सां' समजू नका. म्हणायचे 'सा'च, फक्त उंच. सूर लांबवायचा असेल तर पुढे आडवी रेघ. तालाच्या समेला × आणि खालीला 0.

पलुसकरांच्या पद्धतीत टिंब वर दिले की सूर खालचा असतो. आम्हांला भातखंड्यांची रीत सोपी वाटते. खालच्या सुराला टिंब खाली, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आज अधिक चालते तीही हीच.

पलुसकर 1931 साली मिरजेत वारले. भातखंड्यांना 1933 साली अर्धांगवायू झाला आणि ते अंथरुणाला खिळले. 19 सप्टेंबर 1936 रोजी ते गेले. क्रमिक पुस्तकांचा शेवटचा भाग 1937 साली बाहेर आला. छापलेला तो भाग पाहायला ते नव्हते.

कागदावरच्या सुरांत सगळेच येते असे मात्र नाही. गळ्याची फिरत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, हे बुवांच्या समोर बसूनच शिकावे लागते. पण विसरलेली चाल कागद पाहून आठवते, हे काही थोडे नव्हे.

आता वाचून पाहा. हा भूप. यात म आणि नि नाहीत:

सा रे ग प ध सां
सां ध प ग रे सा

आणि ही भैरवी. भजन संपताना बुवा म्हणतात तीच:

सा रे॒ ग॒ म प ध॒ नि॒ सां

किती अक्षरांखाली रेघ आहे ते मोजा. मग मंडळीतल्या पेटीवाल्याला पांढरी एक 'सा' धरून हे वाजवायला सांगा आणि त्याच्या बोटांकडे पाहा. रेघेचे अक्षर आले, की बोट काळ्या पट्टीवर जाते.