आयप्टेशिया उपटू नका

सोलापुरात खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारे आम्ही मोजकेच, त्यामुळे कुणाच्या टाकीत काही नवं दिसलं की फोन एकमेकांनाच जातो. अलीकडे नवख्यांचे फोन येतात ते बहुधा आनंदाचे. दगडावर आपोआप छोटं समुद्रफूल उगवलंय, निमोला घर मिळालं, असं सांगून ते फोटो पाठवतात. फोटोत तपकिरी, काचेसारखा आरपार देठ दिसतो आणि त्यावर लांबट, टोकाला निमुळते झालेले तंतू. ते पाहून मी त्यांना सगळ्यात आधी एकच सांगतो : त्याला हात लावू नका, चिमटा तर अजिबात लावू नका.

हे आयप्टेशिया. तेही समुद्रफुलाच्याच कुळातलं, पण निमोला, म्हणजे क्लाउनफिशला, निसर्गात घर देणाऱ्या समुद्रफुलांच्या जेमतेम दहा जाती आहेत आणि त्यांत हे नाही. शेजारी प्रवाळ असेल तर हे त्याला डंख मारत राहतं. प्रवाळ मिटतो, मागे सरतो आणि शेवटी ती जागा याची होते.

माझ्या टाकीत ते मुंबईहून आणलेल्या दगडावरून आलं. दगडाच्या एका भोकात, नखाएवढं. दुकानदाराने सांगितलं, चिमट्याने ओढून काढा, संपला विषय. त्याप्रमाणे काढलं. काही आठवड्यांनी त्याच भोकाभोवती बारीक ठिपक्यांसारखी पिल्लं दिसली, मग शेजारच्या दगडावर, मग मागच्या काचेवर, आणि अखेर संपमध्ये, म्हणजे पाणी गाळणाऱ्या खालच्या टाकीत, जिथे उजेडही पोहोचत नाही. मश्रूम प्रवाळाची एक जुनी वसाहत मी त्या वर्षी गमावली. अजूनही त्या कोपऱ्याकडे पाहिलं की वाईट वाटतं.

असं का होतं, ते कळलं की पुढची सगळी सावधगिरी आपोआप पटते. आयप्टेशियाला बीज किंवा जोडीदार लागतोच असं नाही. त्याच्या पायाचा बारीकसा तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून पूर्ण प्राणी तयार होतो. नुसतं सरकतानाही ते मागे असे तुकडे सोडत जातं. मग चिमटा, ब्रश किंवा ब्लेडने ओरबाडलं, तर आपणच त्याची लागवड करतो. पंप ते तुकडे टाकीभर फिरवतो. डिवचलं की ते अंगातून पांढरे धागे बाहेर फेकतं, त्या धाग्यांत डंखाच्या पेशी भरलेल्या असतात. त्याच्या शरीरात शैवाल राहतं, ते उजेडातून त्याला अन्न देतं. उजेड नसला तर माशांच्या उरल्यासुरल्या खाण्यावर ते तग धरतं. ते इतकं चिवट आहे की प्रवाळ पांढरे का पडतात याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत मुद्दाम हेच वाढवतात. २०१५ साली त्याचा संपूर्ण जनुकसंचही प्रसिद्ध झाला.

सोलापूरची हवा त्याच्या पथ्यावर पडते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, त्यात वीज गेली की टाकीचं पाणी पाहता पाहता तिशी ओलांडतं. प्रवाळ तेव्हाच खचतो, आयप्टेशियाला फारसं काही होत नाही. दुसरी अडचण पाण्याची. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, घरातली पिंपं आधी भरायची, मग आरओ फिल्टरला पाणी मिळणार. त्यामुळे उन्हाळ्यात टाकीचं पाणी बदलणं लांबतं, नायट्रेट चढतं. आणि माशांना पाहुण्यांसमोर हौसेने चिमूट-चिमूट खाऊ घालायची सवय तर आपल्या घरोघरी आहे. म्हणून औषध शोधण्याआधी खाणं निम्म्यावर आणा. गोठवलेलं खाद्य गाळणीत धुऊन मगच घाला. केवळ एवढ्याने आयप्टेशिया मरत नाही, पण त्याचा पसरण्याचा वेग नक्की मंदावतो. बाकीचे उपाय त्यानंतरच कामाला येतात.

माझा भरवसा चुन्यावर आहे. पानाचा नव्हे, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, रसायनांच्या दुकानात मिळतं ते. थोड्या आरओच्या पाण्यात इडलीच्या पिठाइतकं घट्ट कालवायचं आणि जाड तोंडाच्या सिरिंजमध्ये भरायचं. सगळे पंप बंद करायचे, पाणी पूर्ण स्थिर होऊ द्यायचं. सिरिंज हळूहळू वरून न्यायची, तंतूंना धक्का न लावता अगदी तोंडाजवळ, आणि तिथे थोडासा चुना सोडायचा. घाईने टोचलं तर ते क्षणात भोकात ओढून घेतं आणि चुना वरच्या वर राहतो. नीट जमलं तर ते चुना खाणं समजून आत घेतं. मग वरून भोकही चुन्यानेच बुजवायचं, पंधराएक मिनिटं थांबायचं आणि पंप सुरू करायचे. पंप सुरू करायचं विसरू नका. उन्हाळ्याच्या दुपारी तेवढ्या विसरण्याने मासे जातात.

एका वेळी चार-पाचच. चुना जहाल अल्क आहे, एकदम जास्त गेला तर पाण्याचा पीएच चढतो आणि जिवंत प्रवाळ पोळतो. दोनशे लिटरच्या आतली टाकी असेल तर आणखी कमी घ्या आणि मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. प्रवाळाला अगदी खेटून असलेल्याला टाकीतच चुना नको. तो दगड जमल्यास बाहेर काढून, बादलीत धरून काम करा. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. सिरिंजचा दट्ट्या अडकून एकदम सुटला की चुना थेट तोंडावर उडतो. घरात लहान मुलं असतील तर त्या वेळी त्यांना त्या खोलीत येऊ देऊ नका. लिंबाचा रस, व्हिनेगर, उकळतं पाणी हे उपायही लोक सांगतात, पण त्यात अर्धवट भाजलेलं आयप्टेशिया पुन्हा उभं राहिलेलं मी पाहिलं आहे.

त्याला खाणारे जीवही आहेत. पेपरमिंट कोळंबी लहान आयप्टेशिया रात्री खाते, पोट भरलेलं असेल तर मात्र ढुंकूनही पाहत नाही. ती घेताना नीट पाहा : पाठीवर उंच कुबड आणि ठळक पांढऱ्या रेघा असतील तर ती कॅमल कोळंबी, आणि ती प्रवाळच कुरतडते. दुकानात दोन्ही एकाच नावाने विकलेल्या मी पाहिल्या आहेत. बर्घिया नावाची छोटी समुद्रगोगलगाय आयप्टेशियाखेरीज काही खातच नाही, म्हणून ती सर्वांत विश्वासू. पण आयप्टेशिया संपलं की तीही उपाशी मरते, तेव्हा ती आधीच दुसऱ्या कुणाला द्यायची सोय करा. कॉपरबँड बटरफ्लाय माशाच्या मोहात सोलापूरकरांनी पडू नये असं मला मनापासून वाटतं. लांबचा प्रवास सोसून आलेला तो मासा बऱ्याचदा काहीच खात नाही. एका उपद्रवासाठी दुसरा जीव कुजवणं योग्य नाही.

मजानो हे आयप्टेशियाचंच भावंड. आखूड, जाड, हिरवट, टोकं गोलसर. दिसायला देखणं, त्यामुळे लोक ते मुद्दाम ठेवतात. बर्घिया त्याला तोंड लावत नाही, त्यामुळे तिथे चुनाच.

दगड उकळून साफ करण्याचा सल्ला कुणी दिला तर स्पष्ट नाही म्हणा. झोॲन्थस नावाच्या प्रवाळांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं, ते वाफेतून आणि घासताना उडणाऱ्या तुषारांतून श्वासात जातं. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये २०१८ साली टाकीतला प्रवाळ घासल्यावर एका कुटुंबाला आणि मदतीला आलेल्यांनाही रुग्णालयात न्यावं लागलं होतं. आपल्या स्वयंपाकघरात, कुकरशेजारी हा प्रयोग कुणी करू नये. झोॲन्थस नसलेला दगड आयप्टेशियाने पार भरला असेल, तर मेच्या उन्हात गच्चीवर काही आठवडे टाका. सोलापूरचं ऊन तेवढं काम चोख करतं. परत टाकीत घालण्याआधी मात्र तो वेगळ्या पाण्यात पुन्हा मुरवा, नाहीतर आतल्या मेलेल्या जीवांमुळे अमोनिया वाढेल.

नवी टाकी लावणाऱ्याने सुरुवातच कोरड्या किंवा सिरॅमिकच्या दगडाने करावी. समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड घेऊच नये. दगडी प्रवाळांच्या सगळ्या जातींना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. विक्रेता मालवणचं नाव घेवो की आणखी कुठलं, बिल आणि उगम विचारा. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर प्रवाळ आधीच कमी उरला आहे, त्यातला एकही तुकडा आपल्या दिवाणखान्यासाठी निघू नये. नवीन काहीही आणलं की महिनाभर वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा आणि रात्री दिवे मालवल्यावर टॉर्च मारून भोकं तपासा.

आणि कंटाळून टाकी मोडायची वेळ आली, तर पाणी गटारातच सोडा. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असलेलं हे पाणी अंगणातल्या झाडांना घालू नका, विहिरीत किंवा सिद्धेश्वर तलावात तर अजिबात नको. उजनीच्या जाळ्यांत सकर मासा येतो तो कुणाच्या तरी काचेच्या टाकीतूनच धरणात पोहोचला आहे. आयप्टेशिया गोड्या पाण्यात जगणार नाही, पण कोकणात सहलीला जाताना टाकीतलं काही सोबत नेऊन समुद्रात सोडून येणारे लोक मला माहीत आहेत. जनावरं दुसऱ्या टाकीवाल्याला द्या, दगड उन्हात वाळवा.