एक क्रमांक, एक पुस्तक

गतवर्षी आमच्या ग्रंथालयात एक अप्रिय प्रसंग घडला. आठवीतील एका मुलीकडे हरवलेल्या शब्दकोशाची किंमत मागण्यात आली. वास्तविक तिने नेला होता तो कथासंग्रह, आणि तो वेळेवर परतही केला होता. संगणकावरील यादीत दोन्ही पुस्तकांना ४३ हाच दाखल क्रमांक पडला होता. आलेला क्रमांक पुन्हा आला तर अडवील, असा पहारेकरीच आम्ही नेमला नव्हता.

या पहारेकऱ्यास 'प्रायमरी की' म्हणतात. माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडण्याची जी रीत एडगर कॉड यांनी १९७० साली प्रतिपादिली, तिच्यात प्रत्येक ओळ निःसंदिग्धपणे ओळखता यावी म्हणून एक स्तंभ राखून ठेवतात. त्यातील मूल्य दोनदा येत नाही, रिकामेही राहत नाही.

नवी यादी आम्ही मायएसक्यूएलमध्ये केली व क्रमांक देण्याचे काम संगणकावरच सोपविले. १२७ पुस्तके बिनबोभाट चढली. पुढचे काही केल्या चढेना. '१२७ ही नोंद दुबार होत आहे', अशा अर्थाची सूचना पुनःपुन्हा येई. आम्ही यादी धुंडाळली, तर १२७ एकच! तेव्हा ही अटच काढून टाकावी, असे आमच्यापैकी एकाने सुचविले. पण ४३ ची आठवण ताजी होती, म्हणून हात आवरला.

तो आकडाच बोलका होता. स्तंभ 'टायनीइंट' या मापाचा, म्हणजे एका बाइटचा होता. एका बाइटमध्ये २५६ मूल्ये मावतात. ऋण संख्यांना वाटा दिला की उरते ती −१२८ ते १२७ ही मर्यादा. पुढे जाता येईना म्हणून संगणक १२७ च पुन्हा देऊ करी आणि पहारेकरी तो अडवी. स्तंभ 'इंट' मापाचा केला, मर्यादा २,१४,७४,८३,६४७ वर गेली. देवघेवीच्या तक्त्यातील क्रमांकाचा स्तंभही त्याच मापाचा करावा लागला; हे आम्ही प्रथम विसरलोच होतो.

जुन्या यादीतील ओळी नव्या तक्त्यात घेण्यापूर्वी क्रमांकवार गट पाडून, ज्यांची संख्या एकाहून अधिक भरली ते वेगळे काढले. दुबार दिसणारी ओळ मात्र डोळे मिटून पुसू नये. ४३ ची दोन्ही पुस्तके खरी होती. कथासंग्रहास नवा क्रमांक दिला, आणि हस्तलिखित नोंदवही पाहून त्या मुलीच्या नावावरील खोटी बाकी दूर केली.

दुसरा दोष अधिक फसवा असतो: ओळ तक्त्यात असते, पण शोधता सापडत नाही. तेथे बहुधा 'इंडेक्स', म्हणजे सूची, बिघडलेली असते. वर्णमालेत 'क्ष' हा 'ळ' नंतर येतो. काही कोशांत तो 'क' च्या पोटात असतो. सूची एका क्रमाने लावली आणि शोध दुसऱ्या क्रमाने घेतला, तर 'क्षमा' हा शब्द कोठून मिळणार? २०१८ साली लिनक्समधील 'जीलिबसी' या पायाभूत संग्रहाच्या २.२८ व्या आवृत्तीत शब्दांचा क्रम लावण्याचे नियम बदलले, तेव्हा पोस्टग्रेस्क्यूएलमधील जुन्या सूचींची हीच गत झाली. तक्ता शाबूत, सूची मात्र चुकीची. उपाय सूची नव्याने बांधण्याचा. त्यासाठी 'रीइंडेक्स' ही आज्ञा आहे. परंतु बिघडलेल्या सूचीच्या राज्यात दुबार नोंदीही शिरलेल्या असू शकतात, आणि त्या असेपर्यंत अद्वितीयतेची सूची बांधली जात नाही. म्हणून तेथेही आधी गट पाडून दुबार ओळी शोधाव्या लागतात, आणि मगच ती आज्ञा द्यावी लागते.