‘एम्प्टी’ या शब्दाचे अर्थक्षेत्र आणि मराठी पर्याय

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करताना अनोळखी शब्दांपेक्षा परिचित शब्दच पुष्कळदा अधिक घात करतात. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतो. परिचित शब्दासाठी उघडत नाही. ‘एम्प्टी’ हा असाच एक शब्द होय. पदव्युत्तर वर्गात सरावासाठी दिलेल्या एका उताऱ्यात, पतिनिधनानंतर एकट्या पडलेल्या वृद्धेच्या आयुष्याला हे विशेषण लावलेले होते. बहुतेक विद्यार्थ्यांनी ‘तिचे आयुष्य रिकामे होते’ असे लिहिले. कोशाच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती. परंतु जन्मभर राबलेली ती बाई मराठीत एकदम निरुद्योगी झाली. असे का घडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. फुरसत आणि रितेपण

‘एम्प्टी’चे प्राचीन इंग्रजीतील रूप ‘ॲमेटिग’ असे होते. फुरसत या अर्थाच्या नामापासून ते साधलेले असून ‘आत काही नसलेला’ या अर्थाबरोबरच ‘सवड असलेला’ आणि ‘अविवाहित’ हे अर्थही त्याला होते. आजच्या रूपातील ‘प’ उच्चारसुलभतेसाठी नंतर शिरलेला आहे. पुढे इंग्रजीत सवडीचा अर्थ मागे पडला आणि ‘आत काही नसणे’ हाच अर्थ मुख्य ठरला.

मराठीतील ‘रिकामा’ या शब्दात मात्र दोन्ही अर्थ आजही शेजारी नांदतात. ‘डबा रिकामा आहे’ आणि ‘मी आज रिकामा आहे’ ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो. ‘रिकामटेकडा’ हा शब्द किंवा ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण पाहिली, की एक गोष्ट ध्यानात येते. वस्तूला लावलेला ‘रिकामा’ निव्वळ वर्णन करतो; माणसाला किंवा त्याच्या आयुष्याला लावला की त्याला निरुद्योगाची छटा येते. आमच्या विद्यार्थ्यांची गफलत नेमकी येथे झाली होती.

त्या उताऱ्याला हवा होता तो ‘रिता’ हा शब्द. संस्कृत ‘रिक्त’, प्राकृत ‘रित्त’, मराठी ‘रिता’ असा त्याचा प्रवास आहे. मूळ धातू ‘रिच्’, म्हणजे सोडणे, रिकामे करणे. ‘रिक्त’ हे त्याचे भूतकालवाचक धातुसाधित. आधी काही भरलेले होते आणि ते निघून गेले, ही पूर्वकथा त्यात सूचित होते. आजच्या वक्त्याला ही व्युत्पत्ती ठाऊक नसते. तरी प्रयोगात तिची सावली टिकून आहे. तत्सम ‘रिक्त’ मात्र कचेरीत गेला आणि ‘रिक्त पदा’पुरता कोरडा झाला.

२. नसते ते काय?

‘एम्प्टी’ हा शब्द काही नाही एवढेच सांगतो. काय नाही ते त्याच्या पुढील नामावरून कळते. मराठीत हे काम पुष्कळदा विशेषणच करते. माणसे सोडून गेलेले गाव ‘ओस’ पडते, वर्दळ थांबलेला रस्ता ‘सामसूम’ असतो, न लिहिलेला कागद ‘कोरा’ असतो, आडोसा नसलेले मैदान ‘मोकळे’ असते. औषध ‘रिकाम्या पोटी’ घ्यावे असे आता छापले जाते. घरात मात्र ‘अनशापोटी’ हा शब्द होता व आहे. ‘कोरा’ आणि ‘मोकळा’ या शब्दांत उणीव नाही, उलट शक्यता आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे.

कधी रितेपणाची कल्पनाच मराठीत बदलते. रिकामी भांडी फार वाजतात या आशयाच्या इंग्रजी म्हणीच्या जागी आपण ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ म्हणतो. इंग्रजीत नदी समुद्रात स्वतःला रिकामी करते; मराठीत ती समुद्राला मिळते. येथे शब्दाला शब्द देणारा अनुवादक नदीचे पात्र कोरडे करून ठेवील.

‘पोकळ’ या शब्दात तर निवाडा आहे. ‘बडा घर पोकळ वासा’ या म्हणीत वरून भक्कम दिसणाऱ्याचा आतून आलेला फोलपणा उघड केला आहे. म्हणून आश्वासन, धमकी, बडेजाव यांना ‘पोकळ’ शोभतो. दुःखाला शोभत नाही. दुःखाला ‘पोकळ’ म्हटले की ते खोटे ठरते.

३. ‘शून्यता’चा परतीचा प्रवास

सर्वांत गंभीर घोटाळा ‘शून्य’ या शब्दाबाबत होतो. हा शब्द ‘शून’, म्हणजे फुगलेला, या शब्दाशी जोडला जातो. नागार्जुनाच्या माध्यमिक दर्शनात शून्यता म्हणजे पदार्थांना स्वतंत्र स्वभाव नसणे. काहीच नसणे नव्हे. ‘ज्ञानेश्वरी’च्या (१२९०) सहाव्या अध्यायातील योगवर्णनात ‘महाशून्य’ येते ते साधकाच्या परमावस्थेच्या संदर्भात. तेथे हळहळ नाही.

बौद्ध ग्रंथांच्या इंग्रजी अनुवादांत ‘शून्यता’साठी ‘एम्प्टिनेस’ हा पर्याय रूढ झाला. उलट दिशेने, पाश्चात्त्य साहित्यातील आधुनिक माणसाच्या वैफल्याला उद्देशून आलेला ‘एम्प्टिनेस’ मराठी समीक्षेत पुष्कळदा ‘शून्यता’ या रूपाने अवतरतो. परिणामी जिथे सारे हरवले आहे आणि जिथे हरवण्याजोगे काही उरलेच नाही, अशा दोन अवस्थांना आपल्या परिभाषेत एकच नाव मिळते. संतकाव्य आणि नवसाहित्य यांची तुलना करणाऱ्या अभ्यासकाला यामुळे नसलेले साम्य दिसू लागते. वैफल्याला ‘रितेपण’ म्हणावे आणि ‘शून्यता’ हा शब्द दर्शनासाठी राखावा, हे त्यामुळे इष्ट वाटते.

४. समारोप

तात्पर्य, ‘एम्प्टी’ समोर आला असता काय नाही, ते पूर्वी होते काय, आणि त्याचे नसणे कोणाला जाणवते, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून पर्याय निवडू नये. वर्गात त्या उताऱ्याकडे आम्ही पुन्हा वळलो तेव्हा ‘तिचे आयुष्य रिते झाले होते’ असे वाक्य ठरले. विशेषणाबरोबर क्रियापदही बदलावे लागले. कारण मूळ लेखकाला त्या वृद्धेची स्थिती नव्हे, तिची हानी सांगायची होती.