तांदळाएवढा भुंगेरा

वणवा म्हटला की वाळलेले गवत, सोसाट्याचा वारा आणि एखादी ठिणगी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या उतारांवर पाइन वृक्षांची जी अफाट अरण्ये आहेत, त्यांच्या कथेत आणखी एक पात्र आहे. ते म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा भुंगेरा.

हा भुंगेरा उन्हाळ्यात पाइन वृक्षाची साल पोखरून आत शिरतो व तेथे अंडी घालतो. वृक्षही स्वस्थ बसत नाही. चिकट राळ सोडून तो शत्रूला बाहेर लोटू पाहतो. पण भुंगेरे शेकडोंनी चालून आले, म्हणजे त्याचे बळ अपुरे पडते. अळ्या सालीखालचा मऊ थर कुरतडतात. भुंगेऱ्यांबरोबर आलेली बुरशी पाण्याचा मार्ग अडविते. वृक्ष मरतो आणि वर्षभरात त्याची हिरवी पाने तांबडी होतात.

कडाक्याच्या थंडीत या अळ्या मोठ्या संख्येने मरत. पुढे हिवाळे सौम्य झाले. शिवाय माणसाने अनेक वर्षे प्रत्येक वणवा विझविण्याचा चंग बांधल्यामुळे जुन्या, थोराड वृक्षांची वने दाट राहिली. भुंगेऱ्यांना आयतेच ताट वाढलेले मिळाले! कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1990 नंतर पसरलेल्या साथीची झळ सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर वनाला पोचली.

मग असे वन लगेच पेटते काय? तांबडी पाने फांद्यांवर असेपर्यंत ती चटकन पेट घेतात. काही वर्षांनी पाने गळतात. तेव्हा शेंड्यांवरून ज्वाळा पसरण्यास तेवढा वाव राहत नाही. आणखी काही दशकांनी खोडे कोसळून जमिनीवर सरपण साचते, आणि त्या वेळचा वणवा भुईलगत दीर्घकाळ धगधगतो. मात्र या सर्वांहून अवर्षण व वारा यांची सत्ता मोठी असते.

1988 साली अमेरिकेच्या येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हेच दिसले. त्या कोरड्या उन्हाळ्यात उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक प्रदेश वणव्यांनी वेढला. परंतु तेथील लॉजपोल पाइनचे पुष्कळसे शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात. ते आगीच्या उष्णतेनेच उघडतात. राखेवर बी पडले आणि पाहता पाहता कोवळी रोपे डोलू लागली.

वनाला नाश नवा नाही; त्याला हवा असतो तो अवकाश. 1988 नंतर वाढलेल्या तरुण वनाचा काही भाग 2016 साली पुन्हा जळला, तेव्हा तेथे रोपे फारच थोडी उगवली. झाडांना पुरेसे बी धरण्याइतका काळ मिळाला नव्हता. कीटक, अग्नी आणि वन यांचा हा जुना हिशेब आहे. तो काळाच्या भरवशावर चालतो.

स्वाध्याय

1. पाइन वृक्ष भुंगेऱ्याचा प्रतिकार कसा करतो?
2. वणवे विझविल्यामुळे भुंगेऱ्यांचा फायदा कसा झाला?
3. ‘चंग बांधणे’, ‘झळ पोचणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.